आधी खातं स्वतःचं करा, टूल्सचं नंतर बघू

ताई, तुम्ही हडपसरला ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता, ३० एप्रिलला नेमणूक संपतेय आणि पुढच्या वर्षी नव्या ठिकाणी वापरायला मोफत टूल्स कोणती चांगली, असं विचारलंय. पण मधेच सहज लिहून गेलात, 'चार वर्षांचं सगळं कॉलेजच्या आयडीवर आहे, फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलंय.' ते वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. टूल्स सांगते, पण आधी तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावा आणि प्रत्येक फाइलचा साइझ बघा.

माझ्या पेन ड्राइव्हवर मी तयार केलेली फिजिक्सची प्रश्नपेढी होती. निदान मला तसं वाटत होतं. अकरावी-बारावीचे सहाशेच्या वर प्रश्न, आकृत्यांसकट, धड्यांप्रमाणे लावलेले. मे २०२२ मध्ये घरी फोल्डर उघडलं तर फायलींची नावं सगळी जागच्या जागी, 'प्रकाशिकी', 'स्थिर विद्युत', सगळी. साइझ मात्र प्रत्येकीचा १ केबी. डबल-क्लिक केलं की ब्राउझर उघडायचा आणि कॉलेजच्या आयडीनं लॉगिन मागायचा. लॅपटॉपवर गूगल ड्राइव्हचं जे फोल्डर दिसतं त्यातल्या गूगल डॉक्स, शीट्स, फॉर्म या खऱ्या फायली नसतात, तो नुसता पत्ता असतो. मजकूर गूगलकडे, तुमच्या खात्यात. खातं गेलं की पत्त्यावर घरच नाही. माझ्या हातात फक्त मी वर चढवलेल्या पीडीएफ उरल्या. लॉकडाऊनच्या दोन वर्षांतली तासांची रेकॉर्डिंग मावत नव्हती म्हणून घेतलीच नव्हती.

तरीही ते परत मिळालं असतं, आणि हेच मला अजून लागतं. त्या वर्षी गूगलनं शिक्षणसंस्थांची अमर्याद जागा बंद करून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी ठरवली होती, जुलैपासून. त्यामुळे ठिकठिकाणी जुनी खाती साफ करायची घाई सुरू होती. माझी नेमणूक ३० एप्रिलला संपली, खातं २ मे ला डिलीट. मला ६ मे ला कळलं आणि त्याच दिवशी मी कार्यालयात गेले. लेखी अर्ज द्या म्हणाले. दिला. त्यावर विभागप्रमुखांची सही हवी, आणि विभागप्रमुख उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी. सही आणली तर आवक क्रमांक टाकणारे क्लार्क रजेवर. मग 'साहेब सोमवारी येतील.' धायरीहून दोन बस बदलून चार खेपा घातल्या. शेवटी २७ मे ला कॉम्प्युटर विभागातल्या मुलानं स्क्रीन फिरवून दाखवली आणि हळूच म्हणाला, 'मॅडम, डिलीट केलेलं खातं २० दिवसांपर्यंत अॅडमिनला परत आणता येतं. २२ तारखेच्या आत आला असतात तर दोन मिनिटांचं काम होतं.' मी ६ तारखेला आले होते. अर्ज टेबलावर पडून होता. त्या एकवीस दिवसांत एकालाही तो २० दिवसांचा नियम ठाऊक नव्हता, की ठाऊक असून कुणी बोललं नाही, ते मला आजही माहीत नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला दरवर्षी मोकळं करायचं, आणि त्यानं रात्री जागून केलेलं काम जुन्या कपाटासारखं रिकामं करायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

असो. तुमच्याकडे अजून दिवस आहेत. कॉलेजच्या आयडीनं लॉगिन करून गूगल टेकआउट, म्हणजे खात्यातलं सगळं उतरवून घ्यायची गूगलची सोय, उघडा आणि ड्राइव्ह निवडा. त्यात डॉक्स वर्डच्या आणि शीट्स एक्सेलच्या फायली होऊन झिपमध्ये मिळतात. डाउनलोडची लिंक साधारण ७ दिवसच चालते, मेल आली की लगेच उतरवा. काही कॉलेजांनी टेकआउट बंद ठेवलेलं असतं. तसं असेल तर ड्राइव्हमध्ये एकेक फोल्डर निवडून डाउनलोड करा, तेही चालतं. फॉर्मचं वेगळं. फॉर्म आपल्या जीमेलला एडिटर म्हणून शेअर करायचा आणि तिकडून त्याची कॉपी करायची, म्हणजे ती कॉपी तुमच्या मालकीची. नुसतं शेअर करून थांबू नका, मूळ मालकाचं खातं गेलं की शेअर केलेलंही जातं. कॉपीत प्रश्न येतात, मुलांची उत्तरं येत नाहीत. आणि बाहेरच्या आयडीला शेअर करू देत नसतील, तर फॉर्मची पीडीएफ तरी काढून ठेवा.

मुलांची नावं, नंबर, गुण मात्र सोबत आणू नका. ते कॉलेजचं आणि मुलांचं आहे, आपलं नाही. तुमच्या नेमणूकपत्रात साहित्याच्या मालकीबद्दल काही लिहिलं असेल तर तेही नीट वाचा. मी फिजिक्सवाली, कायद्यातली नाही. आणि हे सगळं गूगलपुरतं. तुमचं कॉलेज मायक्रोसॉफ्टवर असेल तर तिथले नियम वेगळे.

आता टूल्स. माझी कसोटी एकच: आत घातलेलं साध्या फाइलच्या रूपात बाहेर काढता येतं का? रंगीत क्विझ अॅप्स मुलांना आवडतात, पण आज मोफत असलेल्या गोष्टीला उद्या मर्यादा येते आणि प्रश्न आतच अडकतात. चाचणीला गूगल फॉर्मच पुरे, क्विझचं सेटिंग चालू केलं की गुण तोच लावतो. फक्त स्वतःच्या जीमेलवरून. त्यात ड्राइव्ह, मेल, फोटो मिळून १५ जीबी मोफत आहेत, म्हणून फोटो दुसरीकडे हलवा. आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा अधूनमधून उघडत राहा. ऑनलाइन तासाला मोफत झूम ४० मिनिटांत तुटतं, गूगल मीट ६० मिनिटं चालतं. आपला तास मीटमध्ये बसतो.

फिजिक्सला मी डोळे मिटून फेट (PhET) सुचवीन, स्क्रीनवर प्रयोग करून बघायची सिम्युलेशन्स. नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्प. नोंदणी लागत नाही, मोबाइलच्या ब्राउझरवर चालतं, बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये बल्बला समांतर दुसरा बल्ब जोडायला लावा आणि पहिल्याचा प्रकाश कमी होईल का, हे आधी वहीत लिहून घ्या. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं 'होईल' लिहितात. मग स्वतः जोडतात, तो तसाच राहतो, आणि वर्गात जी कुजबुज सुरू होते ती फळ्यावर कधी झाली नाही. गणिताच्या सहकाऱ्यांना आलेख आणि भूमितीच्या आकृत्यांसाठी जिओजेब्रा सांगा. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत आहेत, त्यासाठी कुणाच्या गाइडच्या अॅपला पैसे देऊ नका. आणि अरविंद गुप्तांची साइट. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. खेळणी कशी करायची ते तिथे दाखवलंय, पुस्तकं मराठीतही आहेत, सगळं मोफत.

जुने पेपर तुम्ही डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी वापरायच्या जुन्या, फॉन्टमध्ये टाइप केले असतील तर ते फॉर्ममध्ये चिकटवल्यावर अगम्य अक्षरं दिसतील, फाइल बिघडली असं समजू नका. छापील पानाचा स्वच्छ फोटो ड्राइव्हवर चढवा, उजवं क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही नीट दिसणाऱ्या अक्षरांत, मिळतो. जोडाक्षरं आणि सूत्रं तपासावी लागतात, बाकी काम होतं.

हे मात्र त्यानंतर करा. आज रात्री टेकआउट लावून ठेवा. कुठे अडलात तर स्क्रीनवर काय दिसतंय ते इथे लिहा, रात्री नऊनंतर मी बघते.