यंत्र बनवणाऱ्या कंपनीशी वार्षिक देखभाल करार करावा का?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतील आपल्या कारखान्यात चार सीएनसी लेथ (संगणकाने चालणारी कातयंत्रे) आहेत आणि हमीचा काळ संपल्यावर निर्मात्या कंपनीशी करार करावा की बिघाड झाल्यावरच तंत्रज्ञ बोलवावा, असे आपण विचारले आहे. माझे मत कराराच्या बाजूने आहे, मात्र प्रत्येक अट वाचूनच सही करावी.

बॉलस्क्रूची (यंत्राचा सरकता भाग हलवणाऱ्या स्क्रूची) किंवा स्पिंडलच्या (फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगची झीज एका दिवसात होत नाही. बॅकलॅशची (दिशा बदलताना जाणवणाऱ्या ढिलेपणाची) मोजणी, कंपनमापन आणि बॉलबार चाचणी (यंत्र किती अचूक वर्तुळात फिरते ते पाहणारी) यांत ती आधीच दिसते, आणि ही सारी साधने लहान कारखान्यांकडे सहसा नसतात. नागपुरात पारा 45 अंशांवर गेला की विद्युत पॅनेलचा हवेचा फिल्टर चोंदलेला असल्यास ड्राइव्ह (मोटर चालवणारे उपकरण) तापून अलार्म देतो व यंत्र थांबते. आमच्याकडे एका मे महिन्यात फिल्टर काढला, तेव्हा त्यावर तेलकट धुळीचा बोटभर थर निघाला. म्हणून एक भेट मार्चमध्येच ठरवून घ्यावी.

तंत्रज्ञ पुण्याहून किंवा बंगळुरूहून येणार असेल, तर तो किती तासांत पोहोचेल हे करारात लिहून घ्यावे. सर्वसमावेशक म्हटलेल्या करारातूनही स्पिंडल अनेकदा वगळलेला असतो, तेही तपासावे. कंट्रोलरच्या (यंत्राच्या संगणकाच्या) पॅरामीटरची, म्हणजे त्यात साठवलेल्या सेटिंगची, प्रत मात्र स्वतःजवळ ठेवावी. बॅटरी संपून ते पुसले गेले, तर प्रत नसताना नुसत्या कराराने वाया जाणारे दिवस वाचत नाहीत. वंगणतेलाची पातळी आणि कूलंटची (धातू कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाची) तीव्रता पाहणे हे रोजचे काम आपल्या ऑपरेटरचेच राहील.