लंडनमध्ये साखरपुड्यासाठी जुन्या काळातली हिऱ्याची अंगठी घ्यायची आहे. काय बघून घ्यावी?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: तुम्ही लंडनला नोकरी करता, होणाऱ्या बायकोला नवी कोरी अंगठी नको, शंभर वर्षांपूर्वीची हवी आहे, हाताशी दोन-अडीच हजार पौंड आहेत, आणि गावाकडून आई म्हणतेय की परक्याची वापरलेली अंगठी साखरपुड्याला नको. शिवाय फसगत होण्याची धास्ती आहेच. मी बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये जुन्या दागिन्यांच्या दुरुस्तीचं काम करते. माझं मुख्य सांगणं एकच आहे: अंगठी हातात घ्या, उलटी करा आणि मागची बाजू नीट बघून झाल्याशिवाय किमतीचं बोलू नका. पुढून सगळ्याच अंगठ्या सुंदर दिसतात, तशा दिसाव्यात म्हणूनच दिवे लावलेले असतात. खरी हकिकत मागे असते.

आधी एक दहापटीचं भिंग घ्या. स्वस्तात मिळतं. दुकानदारासमोर ते काढायला संकोच करू नका, चांगला दुकानदार उलट स्वतःचं भिंग पुढे करतो.

सुरुवात कड्याच्या आतल्या छापांपासून करा. ब्रिटिश हॉलमार्कमध्ये कारागिराची आद्याक्षरं, सोन्याचा कस, शहराचं चिन्ह आणि वर्षाचं अक्षर असतं. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबळ्याचं तोंड म्हणजे लंडन, गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार म्हणजे चेस्टर. चेस्टरची हॉलमार्क मारणारी कचेरी 1962 मध्ये बंद झाली, त्यामुळे तो छाप दिसला की कडं निदान त्याआधीचं. कसाचा आकडाही बोलका असतो. 15 आणि 625 असे आकडे दिसले तर ते पंधरा कॅरेटचं सोनं. हा कस इथे 1854 मध्ये सुरू झाला आणि 1932 मध्ये बंद झाला, म्हणजे काळ आपोआप बांधला गेला. उलट ‘व्हिक्टोरियन’, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणून दाखवलेल्या ब्रिटिश अंगठीत हॉलमार्कच्या ओळीत 750 असेल तर तिथेच थांबा, कारण अठरा कॅरेटसाठी तो आकडा ब्रिटिश हॉलमार्कमध्ये 1975 पासून आला. त्याआधी मुकुट आणि 18 असायचं.

छापच नसेल तर घाबरून जाऊ नका. खडे जडवलेल्या बऱ्याच अंगठ्या 1975 पूर्वी हॉलमार्कच्या सक्तीतून सुटलेल्या होत्या. ‘18 सीटी’ (म्हणजे अठरा कॅरेट) किंवा ‘18 सीटी प्लॅट’ एवढंच कोरलेल्या कितीतरी अंगठ्या अस्सल आहेत. ‘प्लॅट’ असेल तिथे कडं सोन्याचं आणि खड्यांभोवतीचा भाग प्लॅटिनमचा असतो. आजच्या कायद्यातही 1950 पूर्वीचा दागिना हॉलमार्कशिवाय सोन्याचा म्हणून विकता येतो, मात्र तो तेवढा जुना आहे आणि कसाला उतरतो हे दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. म्हणून पावतीवर धातू, कस आणि अंदाजे काळ लिहून मागा. ‘व्हिक्टोरियन’ आणि ‘व्हिक्टोरियन स्टाइल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं लिहिलेली अंगठी गेल्या महिन्यात घडवलेली असू शकते.

आता नवखे सगळ्यात जास्त फसतात ती जागा. हॉलमार्क फक्त त्या कड्याचं वय सांगतो, वरच्या कोंदणाचं नाही. जुनं, छाप असलेलं लग्नाचं वळं घ्यायचं आणि त्यावर नवं कोंदण डाख लावून बसवायचं, हे सर्रास होतं. कधी प्रामाणिकपणेही होतं, कारण रोज वापरून कडं झिजतं आणि नवं घालावं लागतं. कडं आणि कोंदण जिथे मिळतात ती जागा भिंगातून बघा. डाखाची रेघ, सोन्याच्या रंगात किंचित फरक, बारीक छिद्रं दिसली तर सरळ विचारा. सांगून विकलं आणि किंमत त्या मानाने घेतली तर माझी हरकत नाही.

खड्याकडे वळू. आजच्या गोल हिऱ्याची प्रमाणं मार्सेल टॉल्कोव्स्कीने 1919 मध्ये गणिताने मांडली. त्याच्या आधीचे हिरे डोळ्याने आणि हाताने पैलू पाडलेले. वरचा सपाट भाग लहान, माथा उंच, आणि खालचं टोक अणकुचीदार न ठेवता कापलेलं, त्यामुळे वरून बघताना मधोमध बारीक गोल खिडकी दिसते. बाहेरचा आकार उशीसारखा चौकोनी-गोल असेल तर ओल्ड माइन कट, गोल असेल तर ओल्ड युरोपियन कट. बुड सपाट आणि वर त्रिकोणी पैलूंचा घुमट असेल तर रोझ कट. हे हिरे दुकानाच्या प्रखर दिव्यांखाली नव्या हिऱ्यांपुढे मंद वाटतात. त्यांना खिडकीपाशी न्या, संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात बघा. नव्या हिऱ्यात बारीक चुरा चमकतो, जुन्यात मोठमोठे तुकडे एकेक करून पेटतात, त्यांत लाल-निळी झाक असते. मला हे पाणी जास्त आवडतं, आणि तुमच्या बायकोला जुनं हवंय ते बहुतेक याचसाठी. रंग किंचित पिवळसर असला तरी सोन्यात बसवलेला खडा त्याने बिघडत नाही. आजच्या ग्रेडिंगच्या फूटपट्टीने जुना हिरा मोजायला जाल तर चांगल्या अंगठ्या हातच्या जातील. जीआयए ही हिऱ्यांना श्रेणी देणारी अमेरिकन संस्था तर ओल्ड युरोपियन कटला कटची श्रेणीच देत नाही.

एक उदाहरण देते. तुमच्या बजेटमध्ये मी सुचवेन ती पाच हिऱ्यांची व्हिक्टोरियन ‘हाफ हूप’, म्हणजे बोटाच्या वरच्या अर्ध्या भागावर एका रांगेत पाच खडे, मधला मोठा आणि कडेला लहान होत गेलेले. या पैशांत एकच मोठा जुना खडा शोधायला गेलात तर तडजोडी फार कराव्या लागतात. नुकतीच अशी एक अंगठी माझ्याकडे एका खड्याची पकड सैल झाली म्हणून आली होती. मालकीणबाईंना ती पूर्ण मूळची म्हणून विकली गेली होती. भिंगाखाली चार खड्यांच्या मधोमध ती गोल खिडकी स्वच्छ दिसत होती, डावीकडून दुसऱ्यात नव्हती. तो खडा चारांपेक्षा पांढरा होता, त्याचा माथा बुटका होता, आणि त्याच्याभोवतीचे सोन्याचे दाणे इतर दाण्यांसारखे झिजून गुळगुळीत झालेले नव्हते. बाजूने धरली तर मागच्या नक्षीच्या वेलांट्यांत जुना मळ बसलेला, फक्त त्या एका खड्याखाली खरवडून साफ केलेलं. खडा कधीतरी पडला असणार आणि त्या जागी आधुनिक बसवला गेला. हिरा खराच होता, पण ‘मूळची’ हा शब्द खोटा होता, आणि त्या शब्दाचे पैसे घेतले गेले होते. तुम्ही बघताना असंच करा: एकेक खडा सुटा न बघता शेजाऱ्याशी ताडून बघा.

नक्कल ओळखताना एवढं ध्यानात ठेवा. दुकानात पेनासारखं एक यंत्र खड्याला टेकवतात, दिवा लागला की ‘हिरा’. ते यंत्र उष्णता मोजतं, त्यामुळे बऱ्याचदा मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यालाही हिरा म्हणतं आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला तर म्हणणारच, कारण तो हिराच असतो. हल्ली प्रयोगशाळेतले हिरे मुद्दाम ओल्ड माइन कटमध्ये पैलू पाडून मिळतात, तेव्हा नुसता कट बघून भुलू नका. डोळ्याला दिसेल अशी खूण झिजेची आहे. शंभर वर्षं वापरलेल्या हिऱ्याच्या कंबरेला, म्हणजे त्याच्या सगळ्यात रुंद कडेला, बारीक टवके असतात, पैलूंच्या काही धारा किंचित खरखरीत झालेल्या असतात, कारण डब्यात हिऱ्याला हिराच घासतो. सगळ्याच धारा गोलसर झाल्या असतील तर काच समजा. मागच्या पैलूंच्या कडा दोन-दोन दिसल्या तर तो पांढरा झिरकॉन असू शकतो, पूर्वी हिऱ्याऐवजी तो खूप वापरत. आणि 1920-30 च्या अंगठ्यांत हिऱ्याभोवतीची माणकं-नीलम कृत्रिम असतील तर ती मागाहून घुसवलेलीच असतील असं नाही. कृत्रिम माणिक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाजारात आहे आणि त्या काळच्या कारागिरांनी ते राजरोस वापरलं.

आपण भारतीय दिसलो की काही विक्रेते ‘गोवळकोंड्याचा हिरा’ म्हणून भाव वाढवतात. ब्राझीलमध्ये 1720 च्या दशकात आणि दक्षिण आफ्रिकेत 1867 मध्ये हिरे सापडले. तुम्ही बघाल त्या बहुतेक अंगठ्या आफ्रिकेच्या खाणी सुरू झाल्यानंतरच्या आहेत. छोट्या खड्याचं मूळ गाव कोणी सिद्ध करू शकत नाही, त्या शब्दाला एक पौंडही जास्त देऊ नका.

‘खडा थोडा जुनाट वाटतोय, नव्याने पैलू पाडून देतो’ असं कोणी म्हणालं तर कृपा करून नाही म्हणा. हा प्रकार फार जुना आहे आणि त्यात आपलं बरंच गेलंय. त्र्यंबकेश्वरचा म्हणून ओळखला जाणारा नासक हिरा 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागून लंडनला आला. इथे तो नव्याने घासला गेला, आणि पुढे 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने 80 कॅरेटचा पुन्हा पैलू पाडून 43 कॅरेटचा केला. कोहिनूरही 1852 मध्ये असाच 186 वरून सुमारे 105 वर आला. आपल्या कारागिरांनी वजन राखून जे घडवलं होतं ते दुसऱ्यांच्या फॅशनपायी धूळ होऊन गेलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. अंगठीतल्या पाव कॅरेटच्या खड्यालाही तोच न्याय लावा. रोडियमचं पांढरं पाणी चढवून ‘नवीसारखी’ करून देण्याचंही तसंच. प्लॅटिनम रुळण्याआधी हिरे चांदीत बसवत आणि मागे सोनं ठेवत. ती चांदी काळवंडलेली असते, आणि तशीच शोभते.

कुठे घ्यावी? हॅटन गार्डन या लंडनच्या सराफ्यात जुन्या मालाची मोजकीच दुकानं, बाकी रस्ता नव्याचा. पोर्टोबेलोचा शनिवारचा जुन्या वस्तूंचा बाजार नजर तयार करायला उत्तम, पण पहिल्या फेरीत खरेदी नको. लिलावात स्वस्त मिळते असा समज आहे. बोलीवर खरेदीदाराचं कमिशन आणि त्यावर व्हॅट चढतो, तो आधी विचारून घ्या, आणि खोलीतल्या लिलावात घेतलेली वस्तू सहसा परत करता येत नाही. दुकानाकडून ऑनलाइन घेतलीत तर चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. मात्र मापाप्रमाणे कापून घेतली की वाद होतो, म्हणून आधी पक्की ठरवा, मग माप. पकडीचे काटे इतके झिजले असतील की रुमालाचा धागा अडकतो, तर दुरुस्ती त्याच किमतीत करून मागा. विम्यासाठी दिलेलं मूल्यांकन बाजारभावापेक्षा चढं असतं, ते दाखवून ‘बघा, केवढी स्वस्त देतोय’ म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

आता आई. त्यांच्यापासून लपवू नका. आजीची नथ आणि पाटल्या आपण आनंदाने घालतो, पण त्या आपल्या माणसाच्या असतात. त्यांची अडचण ‘जुनं’ ही नाही, ‘परक्याचं’ ही आहे, आणि ती मला समजते. त्यांचं मन नाहीच झालं तर एक मधला मार्ग आहे: जुन्या कटचे हिरे सुटेही मिळतात. तसा एक घ्या आणि त्याला नव्या सोन्यात घडवून घ्या, अंगठी पहिल्यांदा तुमच्याच घरात येईल. फक्त त्यासाठी धडधाकट जुनी अंगठी मोडायला लावू नका.

घरी धुताना कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश पुरे. कोंदण मागून बंद असेल तर पाणीही लावायचं नाही, आत वर्ख असतो आणि तो ओला झाला की खडा कायमचा काळा पडतो. एखादी अंगठी मनात भरली तर पैसे देण्याआधी आतल्या छापांचा आणि मागच्या बाजूचा फोटो प्रतिक्रियेत टाका, मी बघून सांगते.