सिल्कीचा वंश शुद्ध राखताना

सांगलीच्या मळ्यांत शेजारच्या वस्तीवरचा गावठी कोंबडा कुंपण ओलांडून सहज आत येतो, त्यामुळे सिल्की या रेशमी पिसांच्या कोंबडीचा वंश शुद्ध राखण्याचे काम खुराड्याच्या जाळीपासूनच सुरू होते. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते. म्हणून परका कोंबडा शिरल्याचे कळताच तिला वेगळी ठेवा आणि पुढच्या किमान २१ दिवसांतली अंडी खुडूक कोंबडीखाली मुळीच ठेवू नका. माझी घाई एकदा नडली: पिल्लांच्या पायांना बोटे सिल्कीसारखी पाचच होती, पण पुढे पिसे आली ती साधी, कारण रेशमी पिसांचा गुण आईबाप दोघांकडूनही यावा लागतो. तेव्हा केवळ बोटे मोजून निवड करू नका, पिसे भरेपर्यंत थांबा. सख्ख्या भावंडांची जोडी टाळण्यासाठी पायातल्या कड्यांचे क्रमांक वहीत नोंदवा.