अमेरिकेतल्या लोकल न्यूज स्टेशनचा खरा मालक कोण, हे कसं शोधायचं?

पडद्यावरच्या एनबीसी किंवा फॉक्सच्या लोगोवर जाऊ नका. बहुतेक स्टेशनं नेटवर्कच्या मालकीची नसतात, करार करून त्यांचे कार्यक्रम दाखवतात. दर तासाच्या आसपास स्टेशनची कॉल अक्षरं (स्टेशनची अधिकृत ओळख, डब्ल्यू किंवा के पासून सुरू होणारी) दिसतात, ती टिपून एफसीसीच्या (अमेरिकेची प्रसारण नियामक संस्था) पब्लिक फाइल साइटवर टाका. लायसन्सवरचं नाव बऱ्याचदा नुसत्या उपकंपनीचं असतं. वरची कंपनी ओनरशिप रिपोर्टमध्ये सापडते.

खरी गोची पुढे आहे. मिशन ब्रॉडकास्टिंगच्या नावावर लायसन्स, पण स्टेशनचा कारभार बघणार नेक्सस्टार ही दुसरीच मोठी कंपनी, असंही चालतं (एका कंपनीला किती स्टेशनं ठेवता येतात, त्या मर्यादेतून काढलेली पळवाटच म्हणा). म्हणून त्याच फाइलमधला शेअर्ड सर्व्हिसेस करार (एका स्टेशनची कामं दुसऱ्या कंपनीने करायचा करार) जरूर उघडा.