वऱ्हाडी बाईचा हिशेब

“ताई, मी 38 वर्षांची, बदलापूरला राहते. वर्षभर मालिकांमध्ये ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून जाते. कधी लग्नात वऱ्हाडी, कधी हॉस्पिटलात पेशंटची नातेवाईक. मला आवडतं. पण आधीच्या कामाचे पैसे थकलेत आणि सासूबाई म्हणतात, ‘नुसतं उभं राहायचं, हे कसलं काम?’ आता कोऑर्डिनेटर, म्हणजे आम्हाला कामावर नेणारा मधला माणूस, म्हणतोय, 30,000 भरा, कार्ड काढून देतो, मग रोल मिळेल. काय करू? सोडून देऊ?”

अगं, आधी त्या 30,000 चं बोलू. एक रुपयाही देऊ नकोस. काम करणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. ज्युनिअर आर्टिस्ट बायकांची महिला कलाकार संघ ही संघटना मुंबईत आहे. कार्ड म्हणजे संघटनेचं सभासद कार्ड. त्याचं काय ते स्वतः तिथे जाऊन विचार, आणि भरायचेच झाले तर तिथेच, तुझ्या नावाच्या पावतीवर भर. मधल्या माणसाच्या हातात नको. आणि कार्ड गर्दीतल्या कामासाठी असतं, त्याने रोल मिळत नाही.

मीही सहा वर्षं हे काम केलंय, म्हणून सासूबाईंचं बोलणं मला लागलं. गोरेगावच्या चित्रनगरीत मांडवाचा सीन होता. सातचा कॉल, म्हणजे सकाळी सातला सेटवर हजर, आणि पहिला शॉट दुपारी दोनला. आम्ही चाळीस बायका जरीच्या साड्या नेसून गप्पा मारतोय, पण नुसते ओठ हलवत, कारण माइकला फक्त नायिकेचा आवाज हवा. बांगड्या वाजू नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या. पहिल्या टेकला सरबताचा पेला उजव्या हातात असला, तर पंधराव्या टेकलाही उजव्याच हातात आणि तेवढाच भरलेला हवा. माझा एकदा डाव्या हातात गेला आणि सगळ्यांदेखत ओरडा खाल्ला. रात्री पाय इतके सुजले होते की चप्पल चढेना. हे सगळं सासूबाईंना सांग. त्या दिवशी आम्ही नसतो तर ते लग्न लग्न वाटलंच नसतं.

आता पैशाचं. मालिकांचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात, हे या लाइनीत सगळेच धरून चालतात. त्यात कोऑर्डिनेटरचं कमिशन कापलं जातं. म्हणून आजपासून एक वही घाल: तारीख, मालिका, निर्मिती संस्था, कॉल किती वाजता, पॅकअप म्हणजे काम किती वाजता संपलं, कमिशन जाऊन हातात किती येणार. कोऑर्डिनेटरने फोनवर सांगितलं की लगेच व्हॉट्सअॅपवर तेच लिहून पाठव आणि ‘हो’ म्हणवून घे. नव्वद दिवस उलटले तर एकटी भांडू नकोस. त्या दिवशीच्या चार-पाच जणी मिळून निर्मिती संस्थेच्या ऑफिसात जा. तिथेही दाद नाही मिळाली, तर संघटनेकडे.

रात्रीच्या शूटिंगला घरापर्यंतची गाडी ठरल्याशिवाय होकार द्यायचा नाही. पॅकअप कधी होईल ते कोणी सांगू शकत नाही आणि बदलापूरची शेवटची लोकल तुझ्यासाठी थांबत नाही. कोणी अंगचटीला आला तर ‘मी रोजंदारीवरची’ म्हणून गप्प बसू नकोस. 2013 चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा रोजंदारीवर किंवा कंत्राटदारामार्फत आलेल्या बाईलाही लागू आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. आणि बँकेत जाऊन वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढ, अपघाताला 2 लाखांपर्यंत मिळतात. सेटवर वायरी आणि लाकडी फळ्यांमधून आपणच चालत असतो.

सोडू नकोस, पण घरचं भाडं आणि मुलांची फी या कामाच्या भरवशावर ठेवू नकोस. महिन्यात ठरावीक दिवसच जा, तेही पैसे बुडवत नाहीत अशांकडेच.

आणि रोल हवा असेल तर त्याची वाट वेगळी आहे. गर्दीत चेहरा फार दिसला की त्याच मालिकेत पुन्हा बोलवायला मालिकावाले कचरतात, हे मी स्वतः भोगलंय. कल्याण-डोंबिवलीकडच्या एखाद्या हौशी नाट्यसंस्थेत जा. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी संध्याकाळी असतात आणि तिथे तुला वाक्यं मिळतील, मोठ्याने म्हणायला.

वही मात्र आजच घाल. मागच्या कामांच्या तारखा फोनमधल्या निरोपांत सापडतील. न सापडलेल्या बरोबरच्या बायकांना विचार, त्यांचेही थकले असतीलच.