बारसं पुढे ढकलू नका

प्रश्न: ताई, माझ्या वहिनीला आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली. दुसरं बाळंतपण म्हणून ती आमच्याकडेच आहे. बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकापर्यंत दुभंगलेला आहे, टाळू ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले. आई म्हणते ग्रहणात वहिनीने भाजी चिरली म्हणून हे झालं, दादा गप्प असतो, वहिनी नुसती रडते. बारसं ऑपरेशननंतरच करू असं घरात चाललंय. मी काय करू? - एक आत्या, सांगली

उत्तर: आधी भाची झाली त्याचं मनापासून अभिनंदन, कारण तुमच्या घरात हे अजून कोणी म्हटलेलं दिसत नाही.

ग्रहणाचं आजच मिटवा. बाळाचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, म्हणजे पाळी चुकल्याचं कळतं न कळतं तोवरच, आणि त्यात ग्रहण, विळी, सुरी यांचा काडीचा संबंध नसतो. जगात साधारण 700 बाळांमागे एकाला ओठाचा किंवा टाळूचा हा त्रास असतो, बहुतेकदा अमुक एकच कारण सापडतही नाही. हे आईंना तुम्ही सांगू नका, दादाला सांगायला लावा, वहिनीच्या समोर. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ती काय लावत असेल याचा विचार करा.

आता दूध. नुसता ओठच दुभंगलेला असेल तर बरीच बाळं अंगावर पितात, फक्त बाळाला जरा उभं धरायचं आणि ढेकर जास्त वेळा काढायची कारण हवा पोटात जाते. दूध नाकातून येत असेल तर टाळू पुन्हा तपासून घ्या. माझ्या मुलाची टाळूही दुभंगलेली होती, त्याला ओढताच यायचं नाही, मी दूध काढून द्यायचे आणि सासूबाई त्याला मांडीवर उभा धरून बोंडल्याने पाजायच्या, एकेका घोटाला थांबून, अर्धा अर्धा तास, त्यांच्या पदराला कायम दुधाचा वास यायचा आणि तेवढा वेळ मी झोपायचे. तुमच्या आईंना असंच काहीतरी काम द्या, ढेकर काढायचं, दर आठवड्याला वजन करून आणायचं. हात गुंतले की बोलणं आपोआप कमी होतं, मी पाहिलंय.

ओठाचं ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांत होतं, त्यासाठी वजन 5 किलोच्या आसपास आणि हिमोग्लोबिन 10 तरी लागतं, म्हणून आत्ता सगळं लक्ष दुधावर. पैशाचं टेन्शन असेल तर आशाताईंना विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे ऑपरेशन मोफत होतं, आणि स्माईल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांमध्येही.

आणि बारसं. माझ्या मुलाचा पहिल्या चार महिन्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही, आम्ही काढलाच नाही, आता तो कॉलेजला आहे आणि मागे त्याने विचारलं मी लहानपणी कसा दिसायचो, तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. तेव्हा बाराव्या दिवशीच करा, चारच माणसं बोलवा हवं तर. नाव ठेवायचा मान आत्याचाच असतो, त्यामुळे तुम्ही अडून बसलात तर कोण काय बोलणार? वहिनीला छान साडी नेसवा, पाळण्यात वाकून भाचीच्या कानात कुर्रर्र करा आणि तिचा फोटो काढा, अगदी समोरून.