अमेरिकेत धनुष्यबाणाने शिकार करताना लाइटेड नॉक (बाणाच्या मागच्या टोकाला बसवायचा, दोरीत अडकणारा दिव्याचा तुकडा) चालतो का? त्याचा उपयोग होतो का?

बहुतेक राज्यांत चालतो. पण नियम राज्यागणिक वेगळे आणि बदलतेही, म्हणून त्या हंगामाची नियमपुस्तिका आधी वाचा. शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबनेही २०१४ मध्ये तो मान्य केला. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाच बंदी आहे.)

माझ्या मते उपयोग मोठा. बाण सुटताच मागच्या टोकाचा दिवा लागतो, त्यामुळे अंधुक उजेडातही तो हरणाला कुठे लागला ते कळतं. पोटात लागला असेल तर काही तास थांबायलाच हवं. लगेच मागे गेलात तर जखमी जनावर दूर पळतं, सापडत नाही आणि तडफडून मरतं. साध्या नॉकपेक्षा हा जड असतो, म्हणून सरावही तोच लावून करा.